एक बरी जागा

भाऊबीजेची ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि दिवेलागणीला ओसरीवर सुपारी कातरता कातरता दाजींनी हलक्या आवाजात विचारले, "पाव्हणं, गावात एखादी बरी जागा आहे का? ग्लासभर बिअर घ्यावी म्हणतो."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षे काढलेला नेमस्त माणूस. नुसती जागा विचारली असती तर सांगणे अवघड नव्हते. आमचे मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावरचे. अशा रस्त्याला 'परमिट रूम व बिअर बार' या पाट्यांची वाण कधीच नसते. घोटाळा 'बरी' या शब्दाचा होता. उजेड असावा, खुर्ची धड असावी, ओळखीचे कुणी भेटले तर मान खाली घालावी लागू नये आणि मनात आलेच तर ताईलाही समोर बसवता यावे, एवढेच दाजींचे मागणे होते.

आम्ही निघालो. दोन ठिकाणी डोकावलो. दारात जाड पडदा, आत तांबडा-निळा दिवा. समोरच्याचे तोंड दिसू नये एवढा अंधार राखण्याची काळजी मात्र चोख. बसलेली माणसे गाडी चुकेल अशा घाईने पीत होती. दाजी उंबऱ्यावरूनच फिरले. "हे काय हो, चोरी करायला आल्यासारखं!" म्हणाले.

मला इतिहासाची खोड. चालता चालता मी त्या पडद्याचा विचार करू लागलो.

बिअर आमच्या जिल्ह्याला नवी नाही. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, पुढे भिंगारपाशी छावणी वसली आणि गोऱ्या शिपायाबरोबर त्याची बिअरही आली. आधी ती विलायतेहून पिंपांतून, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने जहाजात डुचमळत येई. पुढे कसौली-सोलनच्या थंड डोंगरात इथेच होऊ लागली. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, शिजवायचे, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालायची आणि मग आंबवायचे. भट्टीवर गाळायचे नाही. म्हणून बिअरमध्ये मद्यार्क शंभरात पाच ते आठ भाग, तर देशी दारूत चाळीसच्याही वर. पण ही सौम्य बहीण छावणीतच राहिली. खेड्याच्या वाट्याला आली ती मोहाची, आणि साखर कारखाने झाल्यावर मळीची. जिल्ह्यात ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या माणसाला धान्याची दारू परकी वाटावी आणि उसाची घरची, ही गंमतच म्हणायची. सरकारचे लक्ष दोहींकडे सारखेच होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून दारू म्हणजे तिजोरीचा भक्कम आधार.

मग स्वराज्य आले. खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी कायदा झाला. १६ जून १९४९ ला तो अमलात आला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी. ज्याला प्रकृतीसाठी हवी त्याने डॉक्टरचा दाखला आणून परवाना काढावा! पुष्कळांची प्रकृती त्या काळात एकदम बिघडली, असे वडीलधारी मंडळी सांगत. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, त्याने बंदी राखली. महाराष्ट्राने वसंतराव नाइकांच्या कारकिर्दीत ती सैल केली. सैल केली, रद्द नाही. आजही दुकानाचा परवाना मिळतो तो दारूबंदीच्याच कायद्याखाली, आणि पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा अशी अपेक्षा आहे. 'परमिट रूम' हे नाव तिथले. जे मुळात निषिद्ध, पण तुमच्यापुरते माफ, ते उघड्यावर कसे चालणार? माझ्या मते तो पडदा कापडाचा नव्हेच, कायद्याचा आहे.

त्यात रस्त्याची भर. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आणले. पुढे त्यात आणखी सवलती झाल्या, तो भाग सोडू. टेप घेऊन अंतरे मोजली गेली. आत काय चालते, कसे चालते, ते कुणी मोजले नाही.

हे सारे मी दाजींना रंगून सांगत होतो. पण घरी आत्या बसली आहे हे डोक्यातून जात नव्हते. तिचे यजमान दारूपायी गेले. सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पाव हिस्सा बायांनी मागणी केली की दुकानावर मतदान होते, उभी बाटली की आडवी. तिच्या गावात ते झाले. आत्या सकाळी सातलाच रांगेत उभी राहिली. पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढे होती. पण नियम असा, की यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून अधिक मते हवीत. ऊसतोडीला गेलेल्या बाया यादीत होत्या, गावात नव्हत्या. दुकान राहिले. पारनेरकडच्या राळेगणात अण्णा हजाऱ्यांनी भट्ट्या बंद करवल्या, ती गोष्ट आत्या अजून काल घडल्यासारखी सांगते.

तेव्हा दाजींना बरी जागा हवी म्हणणारा मी, आत्यापुढे तोंड उघडू शकलो असतो का? नाही. आणि तरीही वाटते, की आत्याच्या यजमानांना गिळले ते असल्याच अंधारानेही. तिथे कुणी कुणाला पाहत नव्हते, 'बास झालं आता' म्हणणारे शेजारपाजारचे कुणी नव्हते.

बोलत बोलत एस.टी. स्टँडपाशी आलो. चहाच्या गाड्यावर लख्ख दिवा होता. बाकावर एक म्हातारा, त्याची सून, तिच्या मांडीवर झोपलेले पोर. शेजारी दोन शिक्षक कांद्याच्या भावावर वाद घालत होते. आम्हाला पाहून सारे जरा जरा सरकले.

"दोन कट," मी सांगितले.

दाजी टेकले, इकडेतिकडे पाहत म्हणाले, "अशी जागा म्हणत होतो मी."