हेराक्लीजचे सिंहचर्म

प्राचीन ग्रीक भांड्यांवरील चित्रांत पात्र ओळखायचे असेल, तर चेहऱ्यापेक्षा पेहराव पाहणे अधिक उपयोगी ठरते. अंगावर सिंहाचे कातडे, शिरस्त्राणासारखा डोक्यावर ओढलेला त्याचा जबडा आणि हाती सोटा, एवढे दिसले की तो हेराक्लीज. इ.स.पूर्व ६व्या शतकातील अथेन्सच्या चित्रकारांना त्याचे नाव लिहिण्याचीही गरज नेहमीच भासत नसे.

डिस्नीच्या 'हर्क्युलिस' (१९९७) या चलच्चित्राच्या कर्त्यांना ही भांडी अपरिचित होती, असे मुळीच नाही. रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर या दिग्दर्शकांनी पात्ररचनेसाठी जेराल्ड स्कार्फ या ब्रिटिश व्यंगचित्रकाराला पाचारण केले. त्याची रेषा लांब, टोकदार आणि वळणे घेणारी. हेडीझच्या डोक्यावर केसांऐवजी निळी ज्वाला आहे. तो संतापला की ती लाल होते. मेगाराची आकृती ग्रीक कलशाच्या बांध्याची आहे. म्यूझ देवता तर आरंभी भांड्यावरच्याच चित्रांतून सजीव होतात. मग नायकाचे सिंहचर्म कोठे गेले?

तो वावरतो उरस्त्राण घालून, निळे उत्तरीय पाठीवर सोडून. कातडे क्षणभर दिसते, तेही चित्रकारासमोर ऐटीत उभे राहण्यापुरते; आणि त्या सिंहाचा चेहरा 'द लायन किंग' (१९९४) मधील स्कारचा आहे. जी नायकाची ओळख होती, ती येथे विनोदाची सामग्री झाली.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, असे आम्हांला वाटते. अपोलोडोरसच्या नावे असलेल्या कथासंग्रहात हेरा हेराक्लीजला वेड लावते, त्या भरात तो मेगारापासून झालेली आपली मुले मारतो, आणि त्यानंतर त्याला युरिस्थियसची चाकरी करावी लागते. नेमियाचा सिंह हे त्या चाकरीतले पहिले काम. युरिपिडीझच्या नाटकात क्रम उलटा आहे: पराक्रम आधी, उन्माद नंतर, आणि तेथे मेगाराही मरते. क्रम कोणताही घ्या, पराक्रम आणि अपत्यहत्या एकमेकांपासून सुटत नाहीत. सिंहचर्म पांघरणारा नायक गौरवाबरोबर हा डागही वागवतो.

चलच्चित्रात हेरा ही त्याची वत्सल जन्मदात्री आहे. अल्कमीनी ही केवळ त्याला वाढवणारी आई आहे. बालप्रेक्षकांसमोर अपत्यहत्या दाखवता येत नाही, हे आम्ही जाणतो आणि त्याबद्दल कोणाला दोषही देत नाही. परंतु अपराध वगळल्यावर उरलेले पराक्रम केवळ कीर्तीसाठी होतात, आणि कीर्तीला चकचकीत उरस्त्राण पुरते.

म्हणून वर्गात हे चलच्चित्र दाखवताना शेजारी एका जुन्या भांड्याचे छायाचित्र ठेवावे. मूळ कथेशी ते इमानी आहे की नाही, हा वाद मग मागे पडतो. विद्यार्थी आधी विचारतील की याने कातडे का पांघरले आहे. त्याचे उत्तर देताना मेगाराच्या मुलांचे नाव घ्यावेच लागेल.