रिमॅप, डिझेल मोटारीचा

डिझेल मोटारीचे इंजिन ज्या संगणकाच्या हुकमावर चालते त्या ईसीयूतील आकड्यांचे तक्ते बदलून गाडीची शक्ती आणि टॉर्क वाढवणे, याला रिमॅप किंवा ट्यून म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘फाइल टाकणे’. पान्याला हात न लावता होणाऱ्या पहिल्या पायरीच्या कामाला ‘स्टेज वन’ हे नाव आहे. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत त्यातून साधारण २० ते ३० टक्के वाढ मिळते. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत तेवढ्याच खटाटोपातून फारसे काही हाती लागत नाही. रिमॅप नवी ताकद निर्माण करत नाही, कारखान्याने शिल्लक ठेवलेली ताकद तो खर्चायला काढतो.

ही शिल्लक कंपनी उगाच ठेवत नाही. तीच गाडी विदर्भातल्या उन्हाळ्यात पाच माणसे, सामान आणि चालू एसीसह घाट चढणार असते. कुठे तरी रॉकेलची भेसळ असलेले डिझेल तिच्या टाकीत पडणार असते, मालक ऑइल बदलायला दोन हजार किलोमीटर उशीर करणार असतो, आणि तरीही वॉरंटीच्या मुदतीत इंजिनाने तक्रार करायची नसते. प्रदूषणाची मर्यादा, गिअरबॉक्स आणि क्लचची सहनशक्ती याही गोष्टी हिशेबात असतात. त्याखेरीज निव्वळ बाजारपेठेचे गणित असते. रांजणगावच्या फियाट कारखान्यात आणि मानेसरला सुझुकीकडे तयार होणारे १,२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएसचे होते, अर्टिगात ९० पीएसचे. पोलोतील १,४९८ घनसेंटिमीटरचे टीडीआय इंजिन साध्या गाडीत ९० आणि ‘जीटी’त १०५, पुढे ११० पीएस देई. मात्र असे आकडे पाहून ‘आतून सगळे तेच, कंपनीने मुद्दाम गळा दाबलाय’ असा निष्कर्ष काढणारे फसतात. मल्टिजेटच्या ९० पीएस आवृत्तीत पात्यांचा कोन बदलणारा वेगळा टर्बो होता. तो फरक कोणतीही फाइल भरून काढू शकत नाही.

पूर्वपीठिका : ईसीयू येण्याआधीही डिझेल गाड्यांची ताकद वाढवली जात होती. तालुक्याच्या गावात ‘पंप-नोझल’वाल्याचे दुकान असे आणि तो पंपाचा एक स्क्रू फिरवून डिझेलचा पुरवठा वाढवी. ट्रक चढाला जोर धरी, मागे काळा धूर सोडी. हे पंप बहुधा मायकोचे असत. आज बॉश नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कंपनीचा नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठी प्रसिद्ध आहे. बॉशने डिझेलचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण १९८६ मध्ये आणले आणि स्क्रूची जागा हळूहळू आकड्यांनी घेतली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल असलेली पहिली प्रवासी मोटार बाजारात आली. एका सामाईक नळीत सुमारे १,३५० बार दाबाने भरून ठेवलेले डिझेल इंजेक्टर संगणकाच्या इशाऱ्यावर सोडू लागले. भारतात ह्युंदाई ॲक्सेंट सीआरडीआय २००२ मध्ये, स्कॉर्पिओ सीआरडीई २००५ मध्ये आली, आणि रिमॅपचा धंदा उभा राहायला जमीन तयार झाली.

इंजिनाच्या आत काय बदलते : पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेचे दार उघडते. डिझेलमध्ये हवा आधीच भरपूर असते, पाय दाबल्यावर वाढते ते डिझेल. एक ग्रॅम डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते, परंतु सिलिंडरमध्ये दोन्ही नीट मिसळायला सवड नसल्याने प्रत्यक्षात हवा त्याहून बरीच जास्त ठेवावी लागते. ती कमी पडू लागली की धूर दिसतो. धूर सुरू होण्याची रेषा आणि कंपनीने आखलेली रेषा यांमधल्या पट्ट्यात ट्यूनर काम करतो.

ईसीयूत ही आखणी एकावर एक लगाम घातल्यासारखी असते. एक तक्ता पायाच्या दाबावरून चालकाला किती जोर हवा आहे ते ठरवतो. दुसरा गिअरबॉक्स जपण्यासाठी टॉर्कला कात्री लावतो. तिसरा हवेचे मोजमाप पाहून धूर रोखतो. उरलेल्या मागणीवरून रेलचा दाब, टर्बोचा दाब, इंजेक्शन केव्हा सुरू करायचे आणि किती वेळ चालू ठेवायचे हे निघते. एकच लगाम सैल केला तर दुसरा आवळतो, म्हणून चांगला ट्यूनर डझनभर तक्ते एकमेकांशी जुळवून घेतो. कच्चा ट्यूनर फक्त इंजेक्शनचा वेळ वाढवतो. तो का चुकतो हे एका साध्या हिशेबाने कळते. मिनिटाला ४,००० फेऱ्या चालू असताना एका मिलिसेकंदात क्रँकशाफ्ट २४ अंश फिरतो. इंजेक्शन तेवढे लांबले तर पिस्टन खाली निघून गेल्यावरही डिझेल पडतच राहते. त्याच्या ज्वलनाने पिस्टन ढकलला जाण्याऐवजी एक्झॉस्ट तापतो आणि टर्बोची पाती भाजतात. म्हणून वेळ ताणण्याआधी रेलचा दाब थोडा वाढवून तेवढेच डिझेल कमी वेळात आत घालण्याकडे जाणत्याचा कल असतो.

‘ट्यूनिंग बॉक्स’ ही याची स्वस्त नक्कल. ही डबी बहुधा रेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये बसते आणि ईसीयूला दाब आहे त्याहून कमी असल्याचे सांगते. बिचारा ईसीयू दाब वाढवतो. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी ती काढून ठेवता येते, हेच तिचे मोठे आकर्षण. संगणकाला खोटे बोलून काम करून घेण्याची ही रीत प्रस्तुत लेखकाला मुळीच पटत नाही, कारण इंजिनाचे रक्षण करणारे बाकीचे तक्तेही त्याच खोट्या आकड्यावर विसंबून असतात.

प्रत्यक्ष काम : आधी गाडीची तब्येत पाहिली जाते, निदान पाहिली जायला हवी. गळका इंटरकूलर पाइप, थकलेला इंजेक्टर, घसरू लागलेला क्लच हे सगळे रिमॅपनंतर दुपटीने बोलू लागतात. मग स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडून मूळ फाइल वाचतात. बॉशच्या ईडीसी १७ घराण्यातील काही ईसीयू कुलूपबंद असतात. ते गाडीतून काढून टेबलावर वाचावे लागतात. विनओएल्ससारख्या संगणकप्रणालीत तक्ते बदलले जातात, चेकसम (फाइल शाबूत आहे हे ताडणारी बेरीज) जुळवला जातो आणि फाइल परत लिहिली जाते. लिहिताना बॅटरीला बाहेरून वीजपुरवठा जोडून ठेवतात. मध्येच व्होल्टेज पडले तर ईसीयू निपचित होतो आणि गाडी टोइंगवर जाते.

खरे काम त्यानंतरचे. तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन टर्बोचा दाब, रेलचा दाब आणि हवेचे मोजमाप यांची नोंद घ्यायची, मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब ताडून पाहायचा, फाइल दुरुस्त करायची, पुन्हा धावायचे. गाडी रोलरवर जागच्या जागी पळवणाऱ्या डायनोवर हेच सुरक्षितपणे होते. डायनो चाकांवरची शक्ती मोजतो आणि कंपनी इंजिनाची सांगते. हा भेद लपवून ‘आधी आणि नंतर’चे आकडे दाखवले जातात तेव्हा सावध व्हावे. एक तयार फाइल दहा गाड्यांत ओतणारेही पुष्कळ आहेत.

घाटाची कसोटी वेगळीच. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. तिथे तेवढाच दाब गाठायचा तर टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते. मूळ फाइलमध्ये उंचीनुसार मागणी घटवणारा तक्ता असतो. ट्यूनरने तोही ‘मोकळा’ केला असेल तर पुण्यात उत्तम पळणारी गाडी पसरणीच्या घाटात टर्बोचे आयुष्य खाते.

ॲव्हरेज : ‘रिमॅपने ॲव्हरेज वाढते’ ही जाहिरात अर्धीच खरी. कमी फेऱ्यांवर टॉर्क वाढल्याने वरचा गिअर लवकर टाकता येतो, आणि शांतपणे चालवणाऱ्याला थोडा फायदा होतो. पण पिकअप वाढलेली गाडी शांतपणे चालवणारा मालक विरळा. शिवाय इंजेक्शनच्या वेळेचा तक्ता बदलला असेल तर डॅशबोर्डवरचे ॲव्हरेज जुन्याच हिशेबाने निघते आणि फुगलेले दिसते. टाकी फुल करून केलेले मोजमापच खरे.

झीज : पहिला बळी बहुधा क्लच. वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर फेऱ्या वाढतात आणि वेग वाढत नाही, ही त्याची खूण. त्यापाठोपाठ ड्युअल मास फ्लायव्हील, ज्याची किंमत ऐकून स्टेज वनची हौस अनेकदा फिटते. अगदी कमी फेऱ्यांवर टॉर्कचा डोंगर उभा केला तर कनेक्टिंग रॉडवर घाव बसतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि जमलेली काजळी तो सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकतो. धूर वाढवणारी फाइल टाकली तर ही जाळणी वारंवार होते, आणि त्यासाठी उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग ऑइलमध्ये उतरून ते पातळ होते. यावर ‘डीपीएफ काढून टाकू’ हा सल्ला मिळतो. तो ट्यूनिंगच्या सदरात बसत नाही, इतरांच्या फुप्फुसांवर उधारी करण्याच्या सदरात बसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तिथे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांवरील प्रदूषणरोधक यंत्रणा अशा निकामी केल्या गेल्या.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात परवानगीविना फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. व्यवहारात आरटीओच्या तपासणीत सायलेन्सर आणि टायर दिसतात, फाइल दिसत नाही. पीयूसीच्या चाचणीत गाडी न्यूट्रलमध्ये रेस करून धूर मोजतात. इंजिनावर भार नसल्याने फाइलचा धूर तिथेही फारसा उमटत नाही. विमा कंपनी मात्र न कळवलेला फेरफार निघाला की दाव्यावर बोट ठेवू शकते.

सॉफ्टवेअरशी लबाडी केवळ गल्लीतल्या ट्यूनरनेच केली असे नाही. चाचणी चालू आहे हे ओळखून प्रदूषण कमी दाखवणारी फाइल खुद्द फोक्सवॅगनने कारखान्यातून घालून दिली होती, हे अमेरिकेत सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्यांनंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. एका अर्थी तो देशातला सर्वांत मोठा, आणि फुकटचा, रिमॅप.

खुणा : सर्व्हिस सेंटरने कंपनीचे नवे सॉफ्टवेअर चढवले की रिमॅप पुसला जातो, आणि गाडी अचानक ‘मेली’ म्हणून मालक ट्यूनरकडे धावतो. अनेक ईसीयू आपल्यावर किती वेळा लिहिले गेले याची मोजणी ठेवतात. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत फेरफार आढळल्यास वॉरंटीच्या नोंदीत ‘टीडी १’ हा शिक्का पडतो. म्हणून जुनी डिझेल गाडी घेताना मालकाने मूळ फाइल परत टाकली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. क्लच कधी बदलला आणि एवढ्या लवकर का, हे सर्व्हिसच्या बिलांत पाहावे.