जुगारी : नाटकातला, पडद्यावरचा आणि चाळीतला

जुगार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम धर्मराज उभा राहतो. कीर्तनकारांनी तो आपल्या मनात असा बसवला आहे की पणाला लागते ते राज्यच, अशी आपली समजूत होऊन गेली आहे. ज्याच्यापाशी राज्य नव्हते अशा जुगाऱ्याची कथाही आपल्याकडे फार जुनी आहे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा दुसरा अंक पाहा. (देवलांनी हे नाटक संगीताच्या साजाने मराठीत आणले, त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना सर्वांच्या ओळखीची, संवाहक मात्र फारसा कोणाला आठवत नाही.) हा पाटलिपुत्राचा, अंग रगडून देण्याचा धंदा करणारा, म्हणजे हातावर पोट असलेला माणूस. चारुदत्ताकडे चाकरीस होता. धन्याची संपत्ती गेली, चाकरी सुटली, आणि तो फाशांकडे वळला. दहा सुवर्णे हरून अड्डेवाल्या माथुराच्या तावडीतून निसटतो, उलट्या पावलांनी ओस देवळात शिरतो आणि देव बनून उभा राहतो. पाठलाग करणारे तेथेच डाव मांडतात. फाशांचा आवाज कानी पडताच देवाला राहवत नाही. तो पुढे उडी घेतो आणि सापडतो! प्रेक्षक हसतात. पण लगेच माथुर म्हणतो, बापाला विक, आईला विक. दोघेही कधीच वारलेली. मग स्वतःलाच विक! तो भर रस्त्यात स्वतःला दहा सुवर्णांना विकू पाहतो, आणि कोणी घेत नाही. पुढे वसंतसेनेने कंकण पाठवले म्हणून तो सुटला.

आमच्या चित्रपटांनी हा माणूस टाकून दिला. 1951 च्या 'बाजी'तला देव आनंदचा जुगारी कसा रुबाबदार! पत्ते त्याच्या बोटांचे ऐकतात. 1975 च्या 'धर्मात्मा'त प्रेमनाथचा शेट आला. तो मटक्याच्या रतन खत्रीवरून बेतला असे मानले जाते. अड्ड्याचा मालक पडद्यावर गेला, गिऱ्हाईक बाहेरच राहिले.

आणि मटक्यात बोटांचे कसब कुठले? आधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि मिटते भाव मुंबईस येत, त्यांवर पैसे लागत. कापसाचे सूत काढणारा कापसाच्याच भावावर हरत होता! ते बंद पडल्यावर साठीच्या दशकात मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. दहावा रुपया कोणाचा, हे सांगायला गणिताचा मास्तर नको. 1887 च्या कायद्याने हा गुन्हा. महालक्ष्मीच्या घोड्यांना मात्र परवाना.

आम्ही गिरणगावच्या चाळीत वाढलो. शेजारच्या काकांची आकड्याची चिठ्ठी पानपट्टीवर पोचवणे हे आमचे काम. त्याचे चार आणे मिळत. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला. पगार थांबला, तेव्हा चिठ्ठ्याही थांबतील असे आम्हांला वाटले होते. त्या वाढल्या. चाकरी सुटलेला संवाहक आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचला, आणि काका प्रथम कळले. पुढे युनियनच्या सभांतून आम्ही दारूवर तावातावाने बोललो. मटक्यावर एकदाही नाही. पानपट्टीवाला गणपतीच्या वर्गणीत पहिला असे, आणि सभेतले निम्मे हात चिठ्ठी लिहिणारे.

त्या पावसाळ्यात काकूंनी पाण्याचा तांब्याचा हंडा मोडीत घातला. त्याचे पैसे काकांनी संध्याकाळच्या ओपनला लावले. ती चिठ्ठीही आम्हीच पोचवली.