उंच माणसाचा नेम: डर्क नोवित्स्कीची कारकीर्द

डर्क नोवित्स्की हा जर्मन बास्केटबॉल खेळाडू 1998 ते 2019 या काळात एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये डॅलस मॅव्हरिक्स या एकाच संघाकडून तब्बल 21 मोसम खेळला. इतका दीर्घकाळ एकाच संघात काढलेला दुसरा खेळाडू या लीगच्या इतिहासात नाही. निवृत्तीच्या वेळी त्याच्या नावावर 31,560 गुण होते आणि सर्वकालीन यादीत तो सहावा होता. पण त्याचे मोठेपण नुसत्या आकड्यांतून कळत नाही. सात फूट उंचीच्या माणसाने बास्केटखाली उभे राहायचे, धक्काबुक्की करायची आणि चेंडू आत ढकलायचा, अशी या खेळातली जुनी रीत होती. नोवित्स्की त्याच उंचीचा, पण तो दूर उभा राहून नेम धरायचा. उंच खेळाडूकडून काय अपेक्षा ठेवायची, हे त्याच्या कारकिर्दीत बदलले.

जर्मनी हा फुटबॉलचा देश. सभागृहात खेळायच्या खेळांत तिथे हँडबॉलचा मान मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकी सैन्याचे तळ पडले आणि त्यांच्या आसपासच्या गावांत बास्केटबॉलला चांगली चालना मिळाली. 1985च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या एनबीएच्या वार्षिक फेरीत, डॅलसनेच डेटलेफ श्रेम्फ आणि उवे ब्लाब हे दोन जर्मन खेळाडू घेतले होते. 1993 साली म्युनिकमध्ये जर्मनीने रशियाला एका गुणाने हरवून युरोपचे विजेतेपदही मिळवले. मात्र तोवर एनबीएत पोचलेले जर्मन अमेरिकी विद्यापीठांत खेळून, तिथल्या मुशीत घडून वर आले होते. जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबातून थेट एनबीए, ही वाट नोवित्स्कीच्या आधी कुणी चोखाळलेली नव्हती.

त्याचा जन्म 19 जून 1978चा, बव्हेरियातल्या व्युर्त्सबुर्गचा. माइन नदीकाठचे, द्राक्षमळ्यांनी वेढलेले हे शहर. वडिलांचा घरे रंगवण्याचा व्यवसाय होता आणि ते वरच्या पातळीवर हँडबॉल खेळलेले. आई हेल्गा जर्मनीच्या महिला बास्केटबॉल संघातून खेळलेली. मुलगा आधी हँडबॉल आणि टेनिस खेळला. वयाच्या मानाने उंची फार वाढलेली, त्यामुळे टेनिसच्या कोर्टवर इतर मुले त्याला चिडवत. किशोरवयात तो डीजेके व्युर्त्सबुर्ग या क्लबात बास्केटबॉलकडे वळला. याच सुमारास, 1992च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये, एनबीएतले तारे असलेला अमेरिकेचा संघ युरोपने डोळे भरून पाहिला होता आणि बास्केटबॉलचे वेड तिथल्या पोराबाळांपर्यंत पोचले होते.

श्वाइनफुर्टमधल्या एका सामन्यात होल्गर गेश्विन्डनर यांची नजर या पोरावर पडली. गेश्विन्डनर 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या संघाचे कर्णधार होते आणि गणित व भौतिकशास्त्र शिकलेले होते. या मुलाला नीट शिकवणारे कोणी नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते त्याच्या आईवडिलांना भेटले. त्यांनी रोखठोक पर्याय मांडला. जर्मनीतला उत्तम खेळाडू व्हायचे असेल तर आहे तसेच चालू द्या, आपोआप होईल. जगातल्या उत्तम खेळाडूंशी टक्कर द्यायची असेल तर उद्यापासून रोज सराव. मुलाने दुसरी वाट धरली.

बांबेर्गजवळच्या राटेल्सडोर्फ या खेड्यातली व्यायामशाळा ही त्याची पाठशाळा झाली. गेश्विन्डनरांनी सुरुवातीला वजने उचलायला मनाई केली. डावपेचांची घोकंपट्टीही बंद. चेंडू फेकणे, पास देणे आणि पायांची हालचाल एवढ्यावरच सारा भर. जोडीला वाचन, नौका वल्हवणे आणि सॅक्सोफोन. लय अंगात मुरली की हालचालीत आपोआप उतरते, अशी त्यांची धारणा होती. आपल्या या उपक्रमाला त्यांनी गमतीने ‘उपयोजित खोड्यांची संस्था’ असे नाव दिले होते. नावात गंमत असली तरी काम काटेकोर होते.

त्या कामाचा गाभा होता चेंडूच्या मार्गाचे गणित. बास्केटच्या कड्याचा व्यास सुमारे 45 सेंटीमीटर, चेंडूचा सुमारे 24. सरळ वरून पडणाऱ्या चेंडूला कडे पूर्ण उघडे मिळते, पण तिरप्या चेंडूला ते अरुंद होत जाते. 45 अंशांत उतरणाऱ्या चेंडूसमोर जेमतेम 32 सेंटीमीटरची फट उरते. 30 अंशांत ती साडेबावीसवर येते, म्हणजे कड्याला न शिवता चेंडू आत जाणे अशक्य. म्हणून चेंडूची कमान उंच हवी. पण कमान वाढवली की चेंडूला हवेत जास्त अंतर कापावे लागते आणि हातातली बारीकशी चूकही वाढत जाते. या दोहोंच्या मध्ये, नोवित्स्कीच्या हातांच्या लांबीला आणि उंचीला मानवेल असा कोन गेश्विन्डनरांनी मांडला. मग कोपर, मनगट, बोटे यांची जागा ठरवून त्याच फेकीची हजारो आवर्तने करून घेतली. एनबीएत नाव कमावल्यावरही नोवित्स्की उन्हाळ्यात याच व्यायामशाळेत परतून फेक दुरुस्त करून घेत असे.

1997-98मध्ये त्याची सक्तीची लष्करी सेवा चालू होती आणि व्युर्त्सबुर्गचा संघ पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी झगडत होता. नेमक्या अशा वेळी, मार्च 1998मध्ये, गुरू-शिष्य संघाला न कळवता अमेरिकेला निघून गेले. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे जगभरातल्या निवडक युवकांचा संघ अमेरिकी युवकांशी खेळणार होता. त्या सामन्यात नोवित्स्कीने 33 गुण आणि 14 रिबाउंड मिळवले आणि जगाच्या संघाने 104-99 असा विजय मिळवला. व्युर्त्सबुर्गमध्ये आधी नाराजी उसळली, पण त्या मोसमात संघ पहिल्या श्रेणीत पोचला आणि राग निवळला. जूनमधल्या ड्राफ्टमध्ये मिलवॉकीने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले आणि ठरलेल्या अदलाबदलीत डॅलसकडे सोपवले.

डॅलसचा संघ तेव्हा लीगमधल्या दुबळ्या संघांपैकी एक होता. 1992-93मध्ये 82पैकी फक्त 11 सामने जिंकलेला, 1990नंतर प्लेऑफचे, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचे, तोंड न पाहिलेला. मालक आणि खेळाडूंमधल्या वादामुळे 1998-99चा मोसम उशिरा सुरू झाला. तोवर नोवित्स्की व्युर्त्सबुर्गकडून खेळला. फेब्रुवारी 1999मध्ये सिएटलमध्ये तो पहिल्यांदा एनबीएत उतरला. समोरच्या संघात श्रेम्फ होता. नोवित्स्कीच्या पाचही फेकी हुकल्या, फ्री थ्रोवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींवर, दोन गुण तेवढे मिळाले. पहिल्या मोसमात त्याची दर सामन्यामागे गुणांची सरासरी होती 8.2. अंगाने तो किरकोळ होता, बचावात कच्चा होता आणि परतण्याचा विचारही त्याच्या मनात डोकावला. प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी मात्र त्याला बास्केटखाली डांबून ठेवले नाही. दुरून मारायची मोकळीक दिली. ड्राफ्टच्याच उन्हाळ्यात संघात आलेल्या स्टीव्ह नॅशशी त्याची घट्ट मैत्री झाली आणि दोघे रात्रीसुद्धा सराव करू लागले. दुसऱ्या मोसमात सरासरी 17.5वर गेली, तिसऱ्यात 21.8वर. 2001मध्ये डॅलस प्लेऑफमध्ये पोचला आणि तिथून सलग 11 मोसम त्याने 50 किंवा त्याहून अधिक सामने जिंकले.

राष्ट्रीय संघात नोवित्स्कीवरचा भार याहून मोठा होता, कारण तिथे त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. 2002च्या इंडियानापोलिस विश्वचषकात जर्मनीने कांस्यपदक मिळवले आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2005च्या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणांत त्याने मारलेल्या फेकीने स्पेन एका गुणाने हरला. अंतिम सामना ग्रीसने जिंकला, तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. 2008मध्ये बीजिंगला जर्मनीचा बास्केटबॉल संघ 1992नंतर पहिल्यांदाच ऑलिंपिकला पोचला आणि उद्घाटन सोहळ्यात देशाचा ध्वज नोवित्स्कीच्या हातात होता.

डॅलसमध्ये याच काळात त्याच्या वाट्याला कडू दिवस आले. 2006च्या अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध संघ 2-0ने पुढे होता. तिसऱ्या सामन्यात चौथ्या सत्रात 13 गुणांची आघाडी निसटली, अखेरच्या सेकंदांत नोवित्स्कीची एक फ्री थ्रो हुकली आणि पुढचे तीनही सामने मायामीने घेतले. पुढच्या वर्षी डॅलसने 67 सामने जिंकले, पण पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटने त्यांना घरी पाठवले. त्या संघाचे प्रशिक्षक होते डॉन नेल्सन; नोवित्स्कीचे कच्चे दुवे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? या पराभवानंतर काही दिवसांतच त्याला मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार स्वीकारावा लागला. हा मान मिळवणारा तो पहिला युरोपीय. तिथून तो गेश्विन्डनरांबरोबर ऑस्ट्रेलियातल्या ओसाड मुलखात भटकायला निघून गेला. ‘युरोपीय खेळाडू मऊ असतात’ हा शेरा त्याच्या मागे लागला होता. तो अन्यायाचा होता, पण विजेतेपदाखेरीज त्याला उत्तरही नव्हते.

या काळात त्याच्या भात्यात आणखी एक अस्त्र आले. बास्केटकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, खांद्याने हूल द्यायची, डाव्या पायावर उसळायचे, उजवा गुडघा वर घेऊन बचाव करणाऱ्याला दूर ठेवायचे आणि मागे झुकत चेंडू सोडायचा. सात फुटी माणूस मागे झुकून, डोक्याच्याही वरून चेंडू सोडतो तेव्हा त्याला अडवणारा हात तिथे पोचतच नाही. तोल ढळत असतानाही खांदे आणि मनगट जागच्या जागी राहतात, हे राटेल्सडोर्फच्या तालमीचे फळ.

2011च्या प्लेऑफमध्ये ही फेक पूर्ण बहरात होती. रिक कार्लाइल प्रशिक्षक, जेसन किड, जेसन टेरी, शॉन मेरियन आणि टायसन चँडलर सोबतीला. डॅलसने आधीच्या विजेत्या लेकर्सना चार सामन्यांत गारद केले. ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पहिल्या सामन्यात नोवित्स्कीने अवघ्या 15 फेकींत 48 गुण केले. 24 फ्री थ्रो मिळाल्या आणि चोवीसही आत गेल्या. अंतिम फेरीत पुन्हा मायामी, आता लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि क्रिस बॉश यांच्यासह. पहिल्याच सामन्यात नोवित्स्कीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्या सामन्यात सव्वासात मिनिटे उरली असताना संघ 15 गुणांनी मागे होता. तिथून डॅलसने सामना 95-93 असा ओढून आणला आणि विजयी बास्केट नोवित्स्कीने त्याच जायबंदी डाव्या हाताने केली. चौथ्या सामन्यात तो अंगात ताप असताना खेळला. 12 जूनच्या सहाव्या सामन्यात पूर्वार्धात त्याच्या 12पैकी 11 फेकी हुकल्या, पण टेरीने संघ सावरून धरला आणि उत्तरार्धात नोवित्स्कीने 18 गुण जोडले. डॅलसने 105-95 असा विजय मिळवून आपले पहिले विजेतेपद घेतले. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, पण भोंगा वाजताच तो मैदान सोडून आत निघून गेला, कारण त्याला रडू आवरत नव्हते. पुरस्कारासाठी त्याला बोलावून आणावे लागले.

नंतरच्या वर्षांत संघ पुन्हा त्या उंचीवर गेला नाही. 2014मध्ये दुसरीकडून कमाल मानधनाचे प्रस्ताव असूनही त्याने डॅलसशी तीन वर्षांचा, 2 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. उरलेल्या पैशांत संघाला इतर खेळाडू घेता यावेत हा हेतू. सप्टेंबर 2015मध्ये बर्लिनला स्पेनविरुद्ध तो देशासाठी अखेरचा खेळला. जर्मनी एका गुणाने हरली. मार्च 2017मध्ये त्याने 30,000 गुणांचा टप्पा ओलांडला. एप्रिल 2019मध्ये डॅलसमधल्या शेवटच्या सामन्यात त्याने 30 गुण केले आणि दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओमध्ये, जिथे 21 वर्षांपूर्वी अमेरिकेने त्याला पहिल्यांदा पाहिले होते, तो थांबला.

त्याच्यामागून आलेल्या पिढीत उंच खेळाडूंना दुरून मारायला लहानपणापासून शिकवले जाऊ लागले आणि केव्हिन ड्युरँटसारख्यांनी एका पायावरची फेकही उचलली. निकोला योकिच, यानिस आंतेतोकुनबो, लुका दोन्चिच या युरोपीय खेळाडूंना ‘मऊ’ म्हणायला आता कोणी धजत नाही. डॅलसने त्याची 41 क्रमांकाची जर्सी जानेवारी 2022मध्ये निवृत्त केली आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी एका पायावर झुकलेला त्याचा पुतळा मैदानाबाहेर उभारला. जर्मनीने त्याचा 14 क्रमांक त्याच वर्षी कायमचा राखून ठेवला. ऑगस्ट 2023मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. पुढच्याच महिन्यात मनिलामध्ये जर्मनीने सर्बियाला 83-77 असे हरवून आपला पहिला विश्वचषक जिंकला. त्या संघातला डेनिस श्र्योडर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आठ वर्षांपूर्वी बर्लिनच्या त्या सामन्यात तो नोवित्स्कीच्या सोबतीला खेळला होता.