हस्तिदंताच्या वाटेवरून शिखराकडे

किलिमांजारो चढायला दोन माणसं निघाली की त्यांच्याबरोबर आठ-दहा माणसं आणखी निघतात. एक वाटाड्या, त्याचा मदतनीस, एक स्वयंपाकी आणि बाकीचे हमाल. तंबू, गॅसची टाकी, अंड्यांचे ट्रे, घडीच्या खुर्च्या, सगळं या लोकांच्या डोक्यावर नाहीतर मानेवर. पाहुणे सकाळी पुढे गेले की यांनी तळ मोडायचा, वाटेत पाहुण्यांना मागे टाकायचं आणि ते धापा टाकत पुढच्या मुक्कामी पोचतील तेव्हा चहा तयार ठेवायचा. सह्याद्रीत स्वतःची सॅक स्वतः वाहत हिंडलेल्या माणसाला हा लवाजमा पहिल्या दिवशी जरा ओशाळवाणा वाटतो. दुसऱ्या दिवशी वाटत नाही.

ही मांडणी कुठल्या ट्रेकिंग कंपनीच्या डोक्यातून निघालेली नाही, आल्प्समधल्या गिर्यारोहकांच्याही नाही. पूर्व आफ्रिकेत डोंगर चढायची कुणाला गरज वाटली त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती, आणि तिचा धंदा होता हस्तिदंताचा.

बागामोयो, पांगानी ही हिंदी महासागरावरची बंदरं. तिथून कापड, मणी आणि धातूची तार आत जायची, आतून हस्तिदंत यायचा. लमाणांच्या तांड्यासारखाच हा व्यवहार, फक्त बैलांवाचून. त्या मुलखातली त्सेत्से माशी चावली की बैल, घोडा, गाढव फार दिवस तग धरत नाही. म्हणून शेकडो मैलांची वाहतूक माणसांच्या डोक्यावरून चाले. न्यामवेझी लोकांचा या कामात लौकिक होता. तिकडच्या कित्येक तरुणांना किनाऱ्यापर्यंतची एक खेप केल्याशिवाय बाप्या म्हणून मान मिळत नसे. एकेकाच्या वाट्याला साधारण तीस किलोचं ओझं. पुढे चालणाऱ्या म्होरक्याला किरांगोझी म्हणत. निशाण त्याच्या हाती, गाणं तो उचलणार, चाल तोच ठरवणार आणि थांबायचं कधी तेही तोच. तांड्यात राखणदार असत, स्वयंपाकी असत, आणि रोजच्या शिध्यावरून भांडणं ठरलेली असत.

या व्यवस्थेचं एक टोक आपल्या बाजूलाही आहे. किनाऱ्यावर चलन चालायचं ते बहुतांशी हिंदुस्थानी रुपयाचं. बागामोयोत सेवा हाजी पारू हा हिंदी वंशाचा इस्माइली व्यापारी तांड्यांना माल आणि हमाल पुरवायचा, आणि आतल्या मुलखात निघालेल्या गोऱ्या प्रवाशांना त्याचा उंबरा टाळणं कठीण होतं. त्यामुळे आज डोंगरावरच्या स्वयंपाक्याने ताटात चपाती वाढली तर ती खास आपल्यासाठी लाटली असं समजू नये. ती तिथे आपल्या आधी पोचलेली आहे.

11 मे 1848 रोजी योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याला दूरवर किलिमांजारोचा पांढरा माथा दिसला. विषुववृत्ताजवळ बर्फ असू शकतं यावर लंडनमधल्या भूगोलपंडितांचा विश्वास बसेना. विल्यम डेस्बरो कूली हे त्यातले सर्वांत हट्टी. ते स्वतः आफ्रिकेत कधी गेले नव्हते. 1862 मध्ये जर्मन सरदार फॉन डर डेकन सुमारे 4,300 मीटरपर्यंत गेला आणि त्याच्या अंगावरच बर्फ पडलं, तेव्हा वाद मिटायला हवा होता. तरी कूली हटले नाहीत. 1871 मध्ये चार्ल्स न्यू या इंग्रज मिशनऱ्याने हिमरेषेला हात लावला. या चढणाऱ्यांना वर नेणारे चग्गा लोक डोंगराच्या उतारावर केळीच्या बागा राखून होते. रानातली वाट त्यांना पाठ होती, पण बर्फापाशी ते थांबत. तिथे त्यांचं काही कामही नव्हतं.

खरी कलाटणी हान्स मेयरने दिली. लाइपझिगच्या श्रीमंत प्रकाशक घराण्यातला हा भूगोलतज्ज्ञ 1887 मध्ये पहिल्यांदा आला, बर्फाच्या कड्यापर्यंत गेला आणि परतला. कडा चढण्याजोगी अवजारं जवळ नव्हती, आणि वर थांबून पुन्हा प्रयत्न करावा तर पोटाला नव्हतं. पुढच्या वर्षी तो ऑस्कर बाउमानबरोबर निघाला, पण किनाऱ्यावर जर्मनांविरुद्ध अबुशिरीचा उठाव पेटला होता. दोघे पकडले गेले आणि खंडणी भरून सुटले. खंडणीही रुपयांतच मोजली गेली.

1889 मध्ये तो तिसऱ्यांदा आला. या वेळी सोबत साल्झबर्गचा लुडविग पुर्टशेलर होता, पेशाने कसरत-शिक्षक आणि आल्प्समध्ये मुरलेला गिर्यारोहक. पण माझ्या मते मेयरची करामत पुर्टशेलरच्या कुऱ्हाडीत नव्हती, शिधा वर पोचवण्याच्या व्यवस्थेत होती. मारंगूचा सरदार मरेआले याच्या मुलखात त्याने मुख्य तळ ठेवला, अरण्याच्या वरच्या कडेला दुसरा, आणि 4,300 मीटरच्या आसपास तिसरा. खालून दर काही दिवसांनी हमाल अन्न आणि सरपण घेऊन मधल्या तळावर येत, तिथून ते वर जाई. सगळ्यात वरच्या तळावर दोघा गोऱ्यांबरोबर एकच माणूस टिकला, पांगानीचा म्वीनी अमानी. थंडीत तो तळ राखायचा, चूल पेटती ठेवायचा. पोटाची सोय झाल्यामुळे एक प्रयत्न फसला तरी थेट खाली उतरावं लागत नव्हतं. 3 ऑक्टोबरला दोघे बर्फात पायऱ्या खोदत विवराच्या कडेपर्यंत गेले, पण उशीर झाला होता, सर्वोच्च टोक अजून दूर होतं. ते परत फिरले, विसावले आणि 6 ऑक्टोबरला शिखरावर उभे राहिले. पुर्टशेलरचा तो चाळिसावा वाढदिवस होता. मेयरने टोकाला कैसर विल्हेल्मचं नाव दिलं.

हस्तिदंत आणायला आडवा जाणारा तांडा मेयरने उभा केला, एवढंच म्हणायचं तर म्हणता येईल. माणसं तीच, ओझं तेच, शिध्याची भांडणं तीच. बदललं ते इतकंच की वाटेच्या शेवटी विकण्यासारखं काहीच नव्हतं.

यानंतर बरीच वर्षं फारसं कुणी वर गेलं नाही. मग उसांबारा रेल्वे मोशीपर्यंत आली आणि 1912 मध्ये जर्मनांनी मारंगूच्या वाटेवर दोन झोपड्या बांधल्या. एकीला बिस्मार्कचं नाव, दुसरीला कार्ल पेटर्सचं. हा पेटर्स इतका क्रूर होता की जर्मन सरकारलाही त्याला नोकरीतून काढावं लागलं होतं. तिसरी, किबो झोपडी, 1930 च्या दशकात इंग्रजांच्या अमलात आली. आज पहिल्या दोन झोपड्यांना मांदारा आणि होरोंबो या चग्गा सरदारांची नावं आहेत. पैकी मांदारा हा मोशीचा धूर्त सरदार. चार्ल्स न्यू पुन्हा आला तेव्हा त्याचं सामान यानेच लुबाडलं होतं. गोऱ्या पाहुण्याला नागवणाऱ्याच्या नावाच्या झोपडीत आज गोरे पाहुणे पैसे भरून झोपतात, याची मला थोडी गंमत वाटते.

या झोपड्यांनी ट्रेकचे दिवस ठरवून टाकले. मांदारा 2,720 मीटरवर, होरोंबो 3,720 वर, किबो साधारण 4,700 वर. म्हणजे रोज हजार मीटर चढ. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवसाला तीनशे ते पाचशे मीटरच हवेत असं आजचे डॉक्टर सांगतात. मग हे अंतर कुणाच्या हिशेबाने पडलं? माझा कयास असा की ओझं घेऊन एका दिवसात होणारी मजल आणि पाणी, या दोहोंच्या हिशेबाने. फुप्फुसांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. किबोला तर पाणीही नाही. ते खालून वाहून न्यावं लागतं. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आता होरोंबोला एक दिवस जास्तीचा राहण्याचा आग्रह धरतात. जरा वर जाऊन यायचं आणि पुन्हा तिथेच झोपायचं. तो दिवस वाचवणारे शेवटच्या रात्री डोकं धरून बसतात, आणि त्यातल्या पुष्कळांना शिखर दिसत नाही. पश्चिमेकडून लांबच्या वाटा निघाल्या त्या तंबूंच्या. तंबू हवा तिथे लावता येतो, त्यामुळे तिथे दिवसांची वाटणी शरीराच्या कलाने करता आली.

पाहुण्यांसाठी आणखी एक गोष्ट सोपी झाली, तिचं श्रेय मात्र कुणी घेऊ नये. मेयरला जिथे पायऱ्या खोदाव्या लागल्या तिथलं बर्फ गेलं. तो 1898 मध्ये परत आला तेव्हाच हिमनद्या मागे सरलेल्या त्याला दिसल्या होत्या. 1912 मध्ये जेवढं बर्फ होतं त्यातलं सुमारे 85 टक्के पुढच्या शंभर वर्षांत नाहीसं झालं. आज नेहमीच्या वाटेवर राख आणि खडी तुडवायची असते. मध्यरात्री निघतात, कारण गोठलेली खडी पायाखालून कमी घसरते, उजाडताना माणूस कडेवर पोचतो आणि ढग चढण्याआधी उतरायला सवड राहते.

9 डिसेंबर 1961 रोजी टांगानिका स्वतंत्र झाला, तेव्हा लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडाने शिखरावर झेंडा आणि मशाल नेली. कैसरचं शिखर उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, झालं. 1973 मध्ये डोंगराचा वरचा भाग राष्ट्रीय उद्यान ठरला. 1991 पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय वर जायला बंदी आहे. मेयरच्या चढाईच्या वर्णनात चग्गा माणूस मागे राहणारा होता. आता त्याच्यावाचून दार उघडत नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, 1989 मध्ये चढाईची शताब्दी आली तेव्हा मारंगूच्या योहानी किन्याला लाऊवो या वृद्ध वाटाड्याला पहिल्या चढाईचा साथी म्हणून गौरवलं गेलं. त्यांना घर मिळालं. 1996 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं वय 125 सांगितलं गेलं. मेयरच्या पुस्तकात त्यांचं नाव नाही आणि हे वय मला पटत नाही. पण कित्येक दशकं त्यांनी लोकांना वर नेलं याबद्दल वाद नाही, आणि त्या एकाच मानाच्या जागी ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत असे कितीतरी जण बसवले गेले, असं मी धरून चालतो.

हमालाच्या ओझ्याला आता वीस किलोची मर्यादा आहे. प्रवेशद्वाराशी आणि पुढच्या तळांवर पोती काट्यावर टाकली जातात. 2003 पासून हमालांसाठी काम करणारी एक संस्था त्यांना उबदार कपडे उसने देते आणि कुठली कंपनी ठरलेली मजुरी देते, किती वेळा जेवू घालते यावर नजर ठेवते. खरं भांडण बक्षिसीचं असतं. कमी मजुरी देऊन उरलेलं बक्षिसीवर ढकलायची सवय काही कंपन्यांना आहे, आणि पैसे म्होरक्याच्या हाती गेले की वाटेत गळती होते. जाणकार पाहुणे म्हणून शेवटच्या दिवशी सगळ्यांना समोर बोलावतात, स्वयंपाक्याला इतके, हमालाला इतके, असे आकडे मोठ्याने वाचतात आणि मगच पैसे मोजून हातावर ठेवतात.