साणेपासून यंत्रापर्यंत : उज्जयिनी आणि रत्नांचे पैलू

उज्जयिनीचे नाव घेताच महाकाल, क्षिप्रा, विक्रमादित्य आणि कालिदास हे चतुष्टय डोळ्यांपुढे उभे राहते. नगराच्या दक्षिणेस इंदूर रस्त्यावरील नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरणारा मराठी यात्रेकरूही सरळ महाकालाची वाट धरतो. परंतु या नगरीची आणखी एक जुनी ओळख होती, आणि ती बैलगाड्यांवर लादून पश्चिम समुद्राकडे जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात ‘ओझीनी’ म्हणजे उज्जयिनी हिचा उल्लेख येतो. पूर्वी राजधानी असलेल्या या नगरीतून भडोच बंदराकडे मलमल आणि जाड कापडाबरोबर अकीकाच्या जातीचे दगड उतरत, असे तो सांगतो. त्याच ग्रंथात आपले पैठणही आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील पैठणहून असेच दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून येत. माळवा आणि महाराष्ट्र यांचा संबंध शिंदे-होळकरांपासून मोजण्याची आपली सवय आहे. तो निदान सतराशे वर्षे तरी मागे नेला पाहिजे.

या संबंधाचे मूळ जमिनीतच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जे थर पसरले त्यांच्याच काळ्या पाषाणावर दख्खन आणि माळवा हे दोन्ही प्रदेश उभे आहेत. लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांतून पुढे सिलिका साचली आणि अकीक, गारगोटी, स्फटिक तयार झाले. भोवतालचा पाषाण झिजून माती झाला तरी हे कठीण गोटे टिकले आणि नद्यांच्या पात्रांत येऊन पडले. मणिकाराला खाण खणावी लागली नाही. त्याला वेचता आले. कठीण होते ते पुढचे काम.

प्राचीन उज्जयिनी आजच्या वस्तीच्या उत्तरेस, गढकालिकेच्या टेकाडाखाली आहे. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने न. र. बॅनर्जी यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन केले. तटबंदी, नाणी, हाडांची हत्यारे यांच्याबरोबर दगडी मणीही हाती आले. मणी टिकतात, ज्यांनी ते घडविले ती साधने लाकडाची, लाखेची, चामड्याची आणि दोरीची असल्यामुळे मातीत मिसळून जातात. म्हणून साधनांचा इतिहास वाचावयाचा तो दगडावर उरलेल्या खुणांवरून, जुन्या वाङ्मयातून आणि अगदी अलीकडेपर्यंत खंबायतसारख्या ठिकाणी चालत आलेल्या कारागिरीवरून.

वाङ्मयाच्या बाबतीत उज्जयिनी भाग्यवान आहे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ याच नगरीत घडते. देवलांच्या संगीत अवतारामुळे मराठी रसिकाला चारुदत्त-वसंतसेना घरच्यासारखी झाली. पण मूळ संस्कृत नाटकाच्या चौथ्या अंकात विदूषक वसंतसेनेच्या वाड्याचे एकेक चौक ओलांडीत जातो तो प्रसंग सावकाश वाचण्याजोगा आहे. सहाव्या चौकात कारागीर बसले आहेत. कोणी वैडूर्य, पुष्कराज, नीळ, माणिक, पाचू यांची पारख करीत आहेत, कोणी सोन्यात माणके बसवीत आहेत, कोणी तांबड्या दोऱ्यात मोती ओवीत आहेत. वैडूर्ये सावकाश घासली जात आहेत, शंख कापले जात आहेत आणि पोवळी साणेवर घासली जात आहेत. नाटककाराने विनोदासाठी रंगविलेल्या या ऐश्वर्याच्या वर्णनात तीन वेगळ्या क्रिया तीन वेगळ्या पदार्थांना बिनचूक लावलेल्या आहेत. पोवळे मऊ, त्याला साधी साण पुरते; वैडूर्य कठीण, त्याला धीर लागतो. हे पाहिल्यावाचून सुचणारे नाही.

कालिदासाचीही साक्ष काढता येते. ‘रघुवंशा’च्या आरंभी तो आपल्या काव्याची वाट पूर्वकवींनी मोकळी केली आहे हे सांगताना हिऱ्याने वेध घेतलेल्या रत्नातून जाणाऱ्या सुताची उपमा देतो. सहाव्या सर्गात विदर्भराजकन्या इंदुमतीच्या स्वयंवरात अवंतीचा राजा पुढे येतो, तेव्हा कवीला त्वष्ट्याने फिरत्या चाकावर चढवून जपून घासलेला सूर्य आठवतो. अवंतीच्याच राजाला ही उपमा मिळावी, हा योगायोग असेल. तरी तो लोभस आहे. या दोन उपमांत मणिकाराची दोन मुख्य अवजारे येऊन गेली : वेध पाडणारा हिरा आणि घासणारे चाक.

पहिले अवजार मराठीला अपरिचित नाही. ‘हिरकणी’ म्हटले की आपल्याला रायगडाचा कडा आठवतो. पण शब्दाचा मूळ अर्थ हिऱ्याची बारीक कणी. सुताराच्या सामत्यासारख्या, दोरीच्या धनुकलीने फिरणाऱ्या सळईच्या टोकावर अशा दोन कण्या बसविल्या की अकीकाला आरपार वेध पाडता येतो. खंबायतेस ही पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. तेथे गोटा आधी उन्हात वाळवीत, मग मंद आचेत भाजून त्याचा तांबडा रंग खुलवीत. जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी अणकुचीदार खुंटीवर दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हलक्या हातोडीने वरून ठोका द्यायचा. कपची उडते ती खुंटीच्या बाजूने. झिलई देण्यासाठी मणी चामड्याच्या पिशवीत भुकटीबरोबर भरून ती पिशवी माणसे दिवसचे दिवस लोळवीत. या सर्व साधनांत विकत घ्यावे असे हिरकणीवाचून फारसे काही नव्हते. बाकीचे सारे भांडवल हातात होते.

दुसरे अवजार म्हणजे साण. संस्कृत ‘शाण’ मराठीत दोन वाटांनी आला : हत्यारे पाजळण्याची साण आणि देवघरात गंध उगाळण्याची सहाण. रत्नकारागिराची साण म्हणजे लाख वितळवून तीत कुरुंदाची भुकटी कालवून केलेले चाक. ते आडव्या लाकडी कण्यावर उभे बसवीत. कण्याला धनुकलीची दोरी गुंडाळलेली असे. उजव्या हाताने धनुकली ओढावी आणि डाव्या हाताने, काडीच्या टोकाला लाखेने चिकटवलेले रत्न चाकावर टेकवावे. कुरुंद हा माणिक-नीळेचाच भाऊ, कठिणतेत हिऱ्याच्या खालोखाल. म्हणून अकीक, स्फटिक, वैडूर्य यांना तो सहज पुरे. मात्र धनुकली मागे गेली की चाकही उलटे फिरे, आणि काडीचा कोन धरून ठेवण्यास मनगटावाचून आधार नसे. त्यामुळे जुन्या भारतीय पैलूंच्या कडा किंचित मवाळ असतात आणि दोन पैलू अगदी सारखे क्वचितच सापडतात. श्रीलंकेत असेच धनुकलीचे उभे चाक ‘हनपोरुव’ या नावाने ओळखले जाते.

‘पैलू’ हा शब्द फारसी, त्याचा अर्थ बाजू. परंतु ‘अष्टपैलू’ म्हणताना आपण नकळत हिऱ्याच्या निसर्गदत्त रूपाचे वर्णन करतो. खाणीतला उत्तम हिरा मुळातच आठ सपाट बाजूंचा असतो, आणि बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षे’त आदर्श हिरा तो हाच : सहा टोके, आठ बाजू, बारा कडा. उज्जयिनीजवळ राहणाऱ्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले; तेथेही भर आहे तो पारखण्यावर, घडविण्यावर नव्हे. रत्न जसे मिळाले तसे राखण्याचा हा संस्कार पुढच्या कारागिरीत खोल मुरला. याला अज्ञान म्हणणारे पाश्चात्य लेखक कमी नाहीत. पण ती मूल्याची निराळी कल्पना होती, असे म्हणणेच न्यायाचे होईल.

सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये याने दक्षिणेतील हिऱ्याच्या खाणींवर हे काम प्रत्यक्ष पाहिले. कारागिरापाशी ताटाएवढे एकच पोलादी चाक असे, आणि त्यावर एका वेळी एकच हिरा चढवीत. हिरा निर्दोष असेल तर वजन घटू नये म्हणून त्याला चाकाचा नुसता स्पर्श करीत. डाग वा चीर असेल तर ती झाकण्यासाठी त्यावर भराभर पैलू पाडीत. म्हणजे युरोपात जे सौंदर्य ठरू लागले होते, ते येथे व्यंग लपविण्याचे साधन होते.

युरोपातील कारागिराने प्रश्न उलटा मांडला : वजन किती उरेल यापेक्षा उजेड किती परतेल? रत्नाच्या वरून शिरलेला किरण खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर यावयाचा असेल, तर ते पैलू ठरावीक कोनातच हवेत. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की याने याचे गणित प्रसिद्ध केले. हिऱ्यासाठी हा कोन सुमारे ४१ अंशांचा येतो. एवढी अचूकता नुसत्या मनगटाला पेलत नाही. त्यावर पहिला तोडगा निघाला तो भोके पाडलेल्या फळीचा. काडीचे मागचे टोक फळीच्या ज्या भोकात अडकवावे त्याप्रमाणे कोन ठरतो. हात तोच, पण त्याला शिस्त लागली. विसाव्या शतकातील यंत्रात फळीच्या जागी उभा खांब, कोनमापक आणि बहुधा ९६ दात्यांचे चक्र आले. दाते मोजून रत्न फिरवायचे आणि कोन वाचून टेकवायचे, की पैलू हुकत नाही.

या दोन विचारांची टक्कर मराठी माणसाला जवळून सोसावी लागली ती ‘नासाक’ हिऱ्याच्या रूपाने. परंपरेने त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा हा हिरा १८१८ साली पेशवाईच्या अस्ताबरोबर इंग्रजांच्या हाती पडला. त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते आणि घडण अर्थातच भारतीय. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीने तो पुन्हा घासला, पण मूळ आखणीला बरेचसे धरून. वजन ७८ कॅरटांच्या किंचित वर राहिले. पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या सरदार घराण्याकडे गेला. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी त्याला सर्वस्वी नवा घाट दिला, तेव्हा उरले ४३.३८ कॅरट. नाशिकच्या अनाम कारागिराने जपलेल्या दगडापैकी अर्ध्याहून अधिक दगड भुकटी होऊन गेला. कोहिनूरची गत अशीच. १८५२ साली लंडनमध्ये वाफेच्या यंत्रावर ३८ दिवस घासून तो १८६ जुन्या कॅरटांवरून आजच्या मापाने १०५.६ कॅरटांवर आला. दोन्ही हिरे पूर्वीपेक्षा अधिक चमकतात यात शंका नाही. परंतु जुन्या हातांची सही त्यांवरून कायमची पुसली गेली, आणि ती पुसणाऱ्यांना त्यात काही गेले असे वाटलेही नाही.

यंत्राने घेतलेला दुसरा मोबदला दगडाच्या बाहेरचा आहे, आणि त्याची चर्चा रत्नांवरील ग्रंथांत सहसा आढळत नाही. धनुकलीची साण संथ होती, धूळ थोडी उडे. विजेच्या मोटारीवरचे चाक आले, काम कितीतरी पटींनी वाढले, आणि कोरड्या घासणीत अकीकाची अतिसूक्ष्म सिलिका हवेत तरंगू लागली. ती फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा रोग बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कारागिरांची तपासणी करून हे दुखणे नोंदविले आहे. उज्जैनच्या वायव्येस, माळव्यातच असलेल्या मंदसौरचे स्लेट-पेन्सिल कामगारही याच धुळीने खंगले. त्यांच्यासाठी मध्य प्रदेश शासनाला १९८२ साली कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. चाकावर पाण्याची धार सोडणे आणि धूळ ओढून घेणारा पंखा बसविणे हे उपाय ठाऊक असलेले आहेत. पण पाण्याने घासणी मंदावते आणि पंख्याला पैसे पडतात, तर मजुरी नगावर मिळते. खंबायतचे पुष्कळसे काम घरोघरी, ओसरीवर आणि माजघरात चालत आले आहे. त्यामुळे ज्यांनी जन्मात साणेला हात लावला नाही, अशा घरच्या आणि शेजारच्या माणसांच्या फुप्फुसांतही ही धूळ आढळली आहे.