बेटिंगच्या दुकानाची कुळकथा

ब्रिटनमध्ये घोड्यावर पैसे लावणं हा मुळात गुन्हा नव्हता. गुन्हा ठरायचा तो जागेवरून. रेसकोर्सवर बुकी उजळ माथ्याने उभा असे. बुकीकडे उधारीचं खातं ठेवून घरबसल्या तारेने, पुढे टेलिफोनने पैज लावणाऱ्या साहेबालाही कायद्याची आडकाठी नव्हती. पण गिरणीतून सुटलेल्या कामगाराने नाक्यावर एक शिलिंग काढून दिलं, की ते घेणारा गुन्हेगार. आज तिथल्या प्रत्येक बाजारपेठेत दिसणाऱ्या बेटिंग शॉपचं मूळ या पंक्तिप्रपंचात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तारायंत्रामुळे शर्यतींचे निकाल शहरांत झटपट पोहोचू लागले, तशा तंबाखूच्या दुकानांत आणि गुत्त्यांत भिंतींवर घोड्यांच्या भावांच्या याद्या लागल्या. गरिबालाही रोख पैसे लावता येऊ लागले आणि तेच वरच्यांना खुपलं. नोकर आणि शिकाऊ पोरं पैजेपायी मालकाचे पैसे चोरतात, असं सांगत ॲटर्नी जनरल अलेक्झांडर कॉकबर्न यांनी १८५३ साली या अड्ड्यांवर बंदीचा कायदा आणला. श्रीमंतांच्या क्लबांना त्याची झळ नव्हती. अड्डे बंद झाले, बुकी रस्त्यावर आले. मग १९०६ च्या कायद्याने रस्ताही बंद केला. पहिल्याच गुन्ह्याला १० पौंडांपर्यंत दंड.

पैजा थांबल्या नाहीत, त्यांना ‘रनर’ मिळाला. कारखान्यात, गुत्त्यात, चाळवजा वस्तीत फिरून चिठ्ठ्या आणि नाणी गोळा करणारा हा माणूस. चिठ्ठीवर घोड्याचं नाव, रक्कम आणि खाली टोपणनाव. पकडलं गेलंच तर खरं नाव हाती लागायला नको. या सगळ्याचा ऐवज जाई तो घड्याळाच्या पिशवीत. पिशवीच्या पितळी तोंडातच घड्याळ बसवलेलं असे. शर्यत सुटण्याआधी रनरने तोंड बंद केलं, की बंद केल्याची वेळ आत नोंदली जाई आणि कुलूप उघडे ते थेट बुकीकडे. निकाल कळल्यावर जिंकलेल्या घोड्याची चिठ्ठी आत सरकवायची सोयच नाही. कोर्टात दाद मागता न येणारा हा व्यवहार चालला, त्यात अशा पिशव्यांचा आणि बुकीच्या विश्वासार्हतेचा मोठा वाटा होता. डाव बुडवणाऱ्या बुकीकडे दुसऱ्या दिवशी कोण फिरकणार?

पोलिसांचं मात्र नैतिक नुकसान झालं. अनेक ठिकाणी पकडायचं कोणाला आणि कधी हे आधीच ठरे, एखादा बदली माणूस उभा केला जाई आणि दंड बुकी भरे. लोकांना पटत नसलेला कायदा राबवताना लाचखोरी वाढते, हे १९४९ ते ५१ दरम्यान बसलेल्या रॉयल कमिशनसमोरही आलं आणि त्याने परवानाधारक दुकानांची शिफारस केली. गृहमंत्री रॅब बटलर यांच्या काळात १९६० चा कायदा झाला आणि १ मे १९६१ रोजी पहिली दुकानं उघडली.

त्या दुकानांची ठेवण मुद्दाम रुक्ष होती. आतलं बाहेरून दिसू नये अशा काचा. आत टीव्ही नाही, संगीत नाही, चहासुद्धा नाही. अठरा वर्षांखालच्यांना मज्जाव. पैसे लावा आणि चालू लागा. ती दुकानं अंत्यविधीवाल्याच्या जागेसारखी झाली, असं बटलर यांनीच पुढे आत्मचरित्रात म्हटलं. मला मात्र त्या रुक्षपणात शहाणपण दिसतं: माणसाची हौस मान्य करायची, पण तिला फुंकर घालायची नाही. गरिबाला गुन्हेगार न ठरवता त्याचा खिसा सांभाळण्याचा याहून प्रामाणिक प्रयत्न ब्रिटिश कायद्यात मला तरी दिसत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने रेसकोर्सच्या कुंपणाआतली पैज वेगळी काढली. त्यामुळे महालक्ष्मीला लावलेला पैसा कायदेशीर आणि बाहेर बुकीच्या हातात ठेवलेला बेकायदा, ही फोड आजही ओळखीची वाटते. दुकानापर्यंत आपण गेलो नाही.

ब्रिटनमध्ये दुकानांची ती रुक्ष चौकट हळूहळू उसवली. १९८६ मध्ये टीव्ही आणि गरम पेयं आली. २००१ मध्ये पैजेवरचा कर पैज लावणाऱ्याच्या अंगावरून काढून कंपन्यांच्या ढोबळ नफ्यावर टाकला गेला. २००५ च्या कायद्याने मागणी वाढवायची नाही हे जुनं धोरणच मोडीत काढलं आणि टीव्हीवर जाहिराती आल्या. दुकानांत रुलेटची यंत्रं होतीच. एका डावाला १०० पौंडांपर्यंत, आणि डाव २० सेकंदांचा. रविवारी घोड्यावर चार पैसे लावणारा आणि या यंत्रापुढे आठवड्याचा पगार घालवणारा, यांना एकाच मापाने मोजणं मला अक्षम्य वाटतं. यंत्रावरची ही १०० पौंडांची मर्यादा २ पौंडांवर आणायला सरकारने चालढकल केली, तेव्हा क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये राजीनामा दिला. सरकार नमलं आणि एप्रिल २०१९ पासून २ पौंडांची मर्यादा लागू झाली. जाहिरातींनाही थोडा लगाम बसला: २०२३ मध्ये फुटबॉलच्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या छातीवर बेटिंग कंपन्यांची नावं न घेण्याचं ठरवलं. बाहीवरची नावं आणि मैदानाकडेचे फलक त्या निर्णयात धरलेले नाहीत.